साठीत ट्रेनी: जुनं काम हातात असताना नवीन काम कसं शिकायचं

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, ३३ वर्षं काढली. सुरुवात मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, मग मेथडिंग, म्हणजे धातू साच्यात कुठनं कसा भरायचा ते ठरवणं, आणि शेवटची अकरा वर्षं रिजेक्शन कमी करा म्हणून शॉपभर बोंबलत फिरणारा माणूस. ५८ ला रिटायर झालो, सत्कार झाला, फेटा बांधून फोटो काढले, आणि पंधराव्या दिवशी रंकाळ्यावर तिसरी फेरी मारताना लक्षात आलं की हे काय आपल्याच्यानं व्हायचं नाही. आता ६१ चालू आहे. उद्यमनगरात एका छोट्या पॅटर्न डिझाइनच्या शॉपमध्ये असतो (पॅटर्न म्हणजे ज्याचा ठसा वाळूत उठवून साचा करतात तो नमुना), कॉम्प्युटरवर कास्टिंगचं, म्हणजे ओतीव वस्तूचं, मॉडेल करतो, मेथडिंग बघतो, आणि शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा माझ्या धाकट्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे.

वर्षभरात सात-आठ जणांनी विचारलं, कसं काय जमवलं म्हणून. एक बँकेतले, एक झेडपी शाळेतले मास्तर, एक एसटीच्या वर्कशॉपमधले. सगळ्यांना वाटतं अवघड भाग म्हणजे कॉम्प्युटर. कॉम्प्युटर अवघड आहेच, पण तो सहा-आठ महिन्यांत हाताखाली येतो हो. खरं जड जातं ते आपल्याला आधीच जे येतंय त्याचं काय करायचं हे. ते गुंडाळून ठेवलं तर आपल्याला कामाला घ्यायचंच कशाला, आणि सारखं ते पुढं केलं तर नवीन शिकणार कधी. माझं या दोन्हीकडनं डोकं फुटलंय, म्हणून लिहितोय. उदाहरणं फाउंड्रीची आहेत, तुम्ही तुमची घालून वाचा.

१. काम शेजारच्या घरातलं निवडा

रिटायर झाल्यावर दोन प्रकारची माणसं बघितली. एक, जे जुनंच काम 'कन्सल्टंट' म्हणून करतात. पहिलं वर्ष फोन येतात, दुसऱ्या वर्षी कमी होतात, कारण तुम्ही ज्या मशीनवर हुशार होता ती मशीन तोवर बदललेली असते. दोन, जे एकदम दुसऱ्याच गावाला जातात. आमच्या एका मित्रानं मिसळीचा गाडा काढला. कटाची चव वहिनींची, गिऱ्हाईक आम्ही मित्रमंडळी, आणि उधारी पण आमचीच. आठ महिन्यांत गाडा विकला. मिसळीत वाईट काय नाही, पण ३० वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाचा स्टोअरचा अनुभव तिथं काडीचा वापरला गेला नाही.

शेजारचं काम म्हणजे जिथली भाषा तुम्हाला अर्धी कळते. मला कास्टिंग कळत होतं, कॉम्प्युटर कळत नव्हता. एसटीवाल्या मित्राला डिझेल इंजिन तोंडपाठ आहे, तो आता इलेक्ट्रिक गाड्यांचं सर्व्हिसिंग शिकतोय, म्हणजे ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग जुनंच आणि बॅटरी-कंट्रोलर नवीन. बँकवाले बचत गटांचे हिशोब आणि रिटर्न भरायचं काम शिकतायत. टेस्ट सोपी आहे, त्या जागी जाऊन एक तास गप्प बसून बोलणं ऐकायचं. सगळं कळलं तर ते जुनंच काम आहे. काहीच कळलं नाही तर लांबचं आहे. अर्धं कळलं आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल विचारायची खाज सुटली तर तिथं थांबा.

२. कागदं आधी जमवा

हे कंटाळवाणं आहे म्हणून पटकन सांगतो, पण आधी करा, नंतर हेलपाटे पडतात.

- जुन्या कंपनीचं सर्व्हिस सर्टिफिकेट आणि रिलीव्हिंग लेटर. हुद्दा नीट लिहून घ्या. माझ्यावर नुसतं 'सुपरवायझर' लिहिलं होतं, परत जाऊन 'मेथडिंग' घालून आणलं.
- आधार (मोबाईल नंबर लिंक असलेलं, आणि तो नंबर चालू असलेला), पॅन, बँक पासबुक, फोटो.
- पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) आणि पेन्शन चालू असेल तर पीपीओ नंबर (पेन्शनच्या ऑर्डरवरचा).
- आयटीआय, डिप्लोमा, काय असेल ते सर्टिफिकेट. पिवळं पडलं असलं तरी.
- एक पान कामाचं. बायोडाटा म्हणत नाही मी त्याला. कुठल्या धातूत काम केलं, किती किलोपर्यंतचं कास्टिंग, कुठला दोष कसा घालवला. माझ्या पानावर एवढंच होतं: ग्रे आयर्न आणि एसजी (दोन्ही ओतीव लोखंडाचे प्रकार), २ ते १८० किलो, ग्रीन सँड (ओलसर वाळूचा साचा), पंप बॉडी, ब्रॅकेट, हाउसिंग. मालकानं तेच वाचलं, बाकीची फाइल उघडली पण नाही.

इथं एक सापळा आहे. जुन्या कंपनीचं ड्रॉइंग, पेन ड्राइव्ह, कस्टमरची यादी काही आणू नका. मला पहिल्याच आठवड्यात एकानं सहज विचारलं, "काका, तुमच्याकडं तिकडचं काय असंल की." नाही म्हटलं. जो माणूस तिकडचं इकडं आणतो तो इकडचं तिकडं पण नेणार, हे मालकाला न सांगता कळतं.

पेन्शनचं पण बघून घ्या. पीएफची पेन्शन ५८ ला चालू करता येते आणि त्यानंतर नोकरी केली म्हणून ती बंद पडत नाही. लगेच गरज नसेल तर ६० पर्यंत पुढं ढकलता येते, वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. पेन्शन चालू झाल्यावर नवीन नोकरीत पीएफ कापला तरी पेन्शन खात्यात भर पडत नाही, मालकाचा हिस्सा पण पीएफमध्येच जातो. आणि दरवर्षी जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला, करायचं विसरू नका, नाहीतर पेन्शन अडकते आणि मग ऑफिसात लाइनीत उभं राहून आपणच आपल्याला शिव्या घालतो.

३. पहिले तीन महिने स्वतःच्या खर्चानं, घरी शिका

थेट कुणाच्या दारात जाऊन "शिकवा" म्हणू नका. थोडं तरी हातात घेऊन जा. मी जुना लॅपटॉप घेतला, त्यावर फ्रीकॅड हे डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि त्यात जे शिकाल ते पुढं महागड्या सॉफ्टवेअरवर गेलात तरी कामाला येतं, बटणं फक्त इकडची तिकडं असतात. थिअरीसाठी एनपीटीईएलचे आयआयटीवाल्यांचे कोर्स आहेत, बघायला पैसे लागत नाहीत, परीक्षा देऊन सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच फी आहे. इंग्रजी जड वाटलं तर स्पीड कमी करून बघा. मी एकेक लेक्चर दोनदा बघितलं, एकदा भाषेसाठी आणि एकदा विषयासाठी.

क्लास लावायचा असेल तर लावा, पण "१०० टक्के जॉब" असं बोर्डावर लिहिलेल्या ठिकाणी आधी एक दिवस बसून बघा. मी जिथं फी भरली तिथं पहिले पंधरा दिवस कोण शिकवायलाच आलं नाही, आलं तो पोरगा मागच्या बॅचचा विद्यार्थी निघाला. पैसे गेले. नंतर शहाणा झालो, हप्त्यात फी घेत असतील तिथंच जायचं.

दोन गोष्टी कोण सांगत नाही. पहिली, चष्मा. आपल्या वयाला जवळचा नंबर असतो, आणि दोन भागांच्या चष्म्यातनं स्क्रीन बघायला मान वर करून खालच्या काचेतनं बघावं लागतं. मी दोन महिने मान धरून बसलो, मला वाटलं स्पाँडिलायटिस. डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं स्क्रीन किती लांब असते, घरी येऊन टेपनं मोजलं, ६० सेंटिमीटर, त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. मान बरी झाली. दुसरी, माऊस. थ्रीडी मॉडेल फिरवायला मधलं चाक दाबून धरायचं असतं आणि ३३ वर्षं हातोडा धरलेल्या बोटाला ते जमत नाही. लाज न बाळगता रोज अर्धा तास नुसता एक ठोकळा फिरवत बसा. बायको म्हणाली, "हे शिकायला लॅपटॉप घेतला व्हय?" व्हय.

आणि एक दिवस असा येतो की तुम्ही स्केच काढता, मापं घालता, एकेक रेघ बांधत जाता, आणि शेवटचं माप घातलं की फ्रीकॅडमध्ये अख्खं स्केच हिरवं होतं, म्हणजे आता काही हलत नाही, सगळं बांधलं गेलं. माझं पहिलं हिरवं झालं ते रात्री साडेअकराला. नाद खुळा. नुसता एक फ्लँज होता, चार भोकांचा, पण मी झोपलेल्या बायकोला उठवून दाखवला.

४. वही घाला, दोन बाजूंची

साधी दोनशे पानी. डाव्या पानावर नवीन काय शिकलो ते. उजव्या पानावर त्या गोष्टीबद्दल मला आधीपासनं काय वाटतंय ते. हे उजवं पान फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याला जे 'माहिती आहे' वाटतं त्यातलं निम्मं कुणीतरी १९९० च्या आसपास सांगितलेलं असतं आणि आपण कधी तपासलेलं नसतं.

माझ्या वहीतलं एक उजवं पान सांगतो. वाळू हातात घेऊन मूठ आवळायची, मग मोडायची, कडा कशा पडतात आणि बोटांचे ठसे कसे उमटतात यावरनं ओल किती ते सांगायचं, हे मला चांगलं येतं, साडेतीन टक्के आणि चार टक्के यातला फरक हाताला कळतो. त्याखाली लिहिलं होतं, 'तपासलेलं.' कारण लॅबच्या आकड्याशी शेकडो वेळा ताडलं होतं. दुसऱ्या पानावर, 'जाड भागावर रायझर पाहिजेच.' (रायझर म्हणजे गोठताना कमी पडणारा धातू पुरवायला साच्यात ठेवलेला जादा साठा.) त्याखाली काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, 'वस्ताद म्हणायचे.' हेच ते बघायचं. कुठलं ज्ञान हाताचं आणि कुठलं नुसतं कानाचं, ते तुमचं तुम्हालाच निवडायला लागतंय.

५. पहिल्या दिवशी काय म्हणून ओळख करून द्यायची

मालक ३६ वर्षांचे. मी त्यांना तुम्हीच म्हणतो, ते पण मला अहो-जाहो करतात. पोरं काका म्हणतात. पहिल्या दिवशी मालकांनी सगळ्यांना गोळा करून "काकांचा ३३ वर्षांचा अनुभव आहे, काही अडलं तर विचारा" असं सांगितलं आणि माझं नुकसान केलं, त्यांचा हेतू चांगला होता तरी. कारण त्या दिवसापासनं मला काही विचारायची चोरी झाली. फाइल सेव्ह कुठं करायची हे विचारायला दुपार झाली.

तुम्ही आधीच सांगून ठेवा. मालकांना भेटून सांगा की पहिले सहा महिने मला ट्रेनी म्हणून बसवा, काम पण ट्रेनीचंच द्या, सल्ला विचारायचा असेल तर तुम्ही एकटे असताना विचारा. मी हे तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. आमच्या कोल्हापुरात तालमीत नवीन पोरगा आला की आधी हातात फावडं देतात, आखाड्याची माती खणायची, गावाकडं चार मैदानं मारून आला असला तरी. तसं मी महिनाभर फक्त फाइलींना नावं देणं, जुनी ड्रॉइंग बघून मॉडेल करणं, प्रिंट काढणं एवढंच केलं.

ज्याच्याकडनं शिकणार त्या पोराचा वेळ सांभाळा. दर पाच मिनिटांनी हाक मारू नका. शंका वहीत लिहा, चहाला एकदम पाच विचारा. चहा तुमच्याकडनं. आणि तो करून दाखवायला लागला की माऊस त्याच्या हातात देऊ नका, माऊस आपल्याच हातात ठेवून त्याला तोंडानं सांगायला लावा. त्याच्या हातात माऊस गेला की तीन सेकंदात काम होतं आणि आपल्याला काही दिसत नाही.

६. कुठं बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं

सगळ्यात जास्त घोटाळे इथं होतात, म्हणून माझे तीन सांगतो.

*पहिला घोटाळा माझा.* लोखंड गार होताना आकसतं. ग्रे आयर्नला मीटरला साधारण १० मिलीमीटर, म्हणजे एक टक्का. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो. पूर्वी पॅटर्नमेकरकडं कॉन्ट्रॅक्शन स्केल असायची, पट्टीवरचे आकडेच मुळात तेवढे ताणलेले, त्यानं मोजलं की वेगळा हिशोब नको. माझं डोकं तसंच झालेलं. एका ब्रॅकेटचं मॉडेल करताना ड्रॉइंगवर ६०० होतं, मी सवयीनं ६०६ टाइप केलं. सगळीच मापं तशी. कुणाला सांगितलं नाही कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटलं. इथली पद्धत अशी की मॉडेल ड्रॉइंगच्या मापातच करायचं आणि शेवटी अख्खं मॉडेल १.०१ नं मोठं करायचं. पोरानं ते केलं. मशीनवर पॅटर्न कापला, सर्फेस प्लेटवर ठेवून मोजला तर ६१२. सहा मिलीमीटर जास्त, पॅटर्न कापायचा अख्खा बोर्ड वाया, आणि मशीनचे अकरा तास.

पोराला वाटलं चूक त्याची. तो घाबरून परत परत स्केल फॅक्टर बघत होता. मी माझ्या फाइलमध्ये गेलो, ६०६ दिसलं, आणि एक मिनिट, खरं सांगतो, एक मिनिट मी गप्प बसलो. मग उठून मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "काका, बोर्डाचं जाऊ दे, पद्धत लिहून काढा." आता भिंतीवर कागद आहे: 'मॉडेल ड्रॉइंगच्या मापात. श्रिंकेज शेवटी, एकदाच, आणि फाइलच्या नावात लिहायचं.' तर लक्षात घ्या, जुनं ज्ञान चुकीचं नव्हतं. ते न सांगता वापरलं तिथं घात झाला. जे हातनं आपोआप होतं ते आधी मोठ्यानं बोलून दाखवा, "मी इथं एक टक्का धरतोय, तुम्ही कुठं धरता?" बास.

*दुसरा, रायझरचा.* एका हाउसिंगला जाड बॉस, म्हणजे पुढं आलेला गोल भाग, होता, मी म्हणालो वर रायझर पाहिजे. शेजारच्या पोरानं गोठण्याचं सिम्युलेशन लावलं, म्हणजे धातू कसा गोठेल ते कॉम्प्युटरवर बघितलं, त्यात रायझरच्या मानेखालीच सगळ्यात शेवटी गोठणारी जागा दिसत होती. म्हणजे तो जाड भाग गरम ठेवायचं काम रायझरच करत होता. मी म्हणालो कॉम्प्युटरला काय कळतंय. दोन्ही तऱ्हेनं ट्रायल घ्यायला लावली, फाउंड्रीवाला ओळखीचा होता म्हणून जमलं. दोन्ही कास्टिंग बॉसमधून कापली. रायझरवाल्यात मानेखाली स्पंजासारखी भोकं. बिनरायझरचं भरीव.

मग आठवलं की ग्रे आयर्नमध्ये गोठताना ग्रॅफाइट सुटतं आणि ते फुगतं, त्यामुळं बरंचसं आकसणं आतल्या आत भरून निघतं, हे मी स्वतः शिकवलेलं आहे लोकांना. माहिती होती, फक्त वस्तादांच्या वाक्याच्या मागं दडून बसली होती. वहीत उजव्या पानावर 'वस्ताद म्हणायचे' च्या खाली ट्रायलची तारीख टाकली. वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस सिम्युलेशनला नावं ठेवली, तिसऱ्या दिवशी ते चालवायला शिकवा म्हणालो.

*तिसरा,* यात मी बरोबर होतो, म्हणून जरा सविस्तर सांगायचा मोह होतोय. शॉपमधल्या एका मुलीनं एका पंप बॉडीचं सिम्युलेशन काढलं, सगळीकडं लाल भडक, म्हणजे भोकं पडायची भीती, चार रायझर टाकायची तयारी चालू. मला ते चित्र बघूनच पटेना. पण रायझरचा मार ताजा होता. "हे चुकलंय" म्हणालो असतो तर ती म्हणाली असती कशावरनं, आणि माझ्याकडं 'असं कधी बघितलं नाही' याशिवाय उत्तर नव्हतं. म्हणून विचारलं, "ही भिंत १२ मिलीमीटरची आहे, हिला रायझरमधनं एवढं खायला का लागतंय? तू धातू कुठला धरलास ते मला दाखव की, मला ती स्क्रीन अजून शिकायची आहे." तिनं उघडून दाखवलं. यादीत मटेरियल स्टीलच राहिलं होतं, आधीच्या कामाचं. ग्रे आयर्न निवडून परत लावलं, लाल जवळजवळ सगळं गेलं.

शिकायचं होतं हे पण खोटं नव्हतं, ती स्क्रीन मला खरंच माहिती नव्हती. पण संशय आला तो ३३ वर्षांमुळं. तर हे असं जमतं. अनुभवानं जिथं बोट ठेवायला सांगितलं तिथं बोट ठेवायचं, पण निकाल सांगायचा नाही, दाखव म्हणायचं. तुम्ही चुकला असाल तर फुकटात शिकाल. बरोबर असाल तर समोरच्याला स्वतःच सापडतं, आणि त्याचा राग राहत नाही.

एक अपवाद. जिथं माणसाला इजा होईल तिथं विचारत बसायचं नाही, ओरडायचं. ट्रायलला फाउंड्रीत गेलो होतो तेव्हा आमचा एक पोरगा ओला लोखंडी तुकडा भट्टीत टाकायला निघाला होता, मदत म्हणून. वितळलेल्या लोखंडात पाणी गेलं तर स्फोट होतो. मी त्याचा हात ओढला आणि जे काय बोललो ते इथं लिहीत नाही. तिथं काका-बिका, ट्रेनी-बिनी काही नाही.

७. पैशाचं आधी बोला

जुन्या पगाराशी तुलना करायची नाही, हे एकदा स्वतःला सांगा, मग बायकोला सांगा, मग व्याह्यांना सांगायची गरज नाही. मी पहिले सहा महिने शेवटच्या पगाराच्या एक चतुर्थांशावर काम केलं. पण फुकट करू नका. फुकट काम करणाऱ्याला कोण शिकवत नाही, कारण तो उद्या येईल का याची खात्री नसते.

दुसऱ्या बाजूचा सापळा जास्त वाईट आहे. तुम्ही परत कामाला लागलात हे कळलं की जुने लोक फोन करतात, "जरा येऊन बघून जा की, पंधरा मिनिटांचं काम आहे." पंधरा मिनिटं म्हणजे गोकुळ शिरगावला जाऊन-येऊन अर्धा दिवस आणि वर चहा-पोहे. दोनदा जा, तिसऱ्यांदा व्हिजिटचे पैसे सांगा. ज्याला गरज आहे तो देतो. बाकीचे फोन बंद करतात, तो पण फायदाच.

स्वतःचं बिल करणार असाल तर उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) करून घ्या, आधार आणि पॅनवर होतं आणि पूर्ण फुकट आहे. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट आहेत, त्या दोन-तीन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे का बघा. नुसत्या सेवेच्या कामाला वर्षाला २० लाखांच्या आत असाल तर जीएसटीची सक्ती नाही. बिलावर टीडीएस कापला तर तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का हे इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर जाऊन बघत जा, आणि वर्षातनं एकदा सीएला भेटा, पेन्शन आणि फी दोन्ही मिळून हिशोब वेगळा होतो.

८. परत उस्ताद व्हायची घाई करू नका

साधारण वर्षानं एक धोका येतो. नवीन काम थोडं जमायला लागतं, शॉपमध्ये नवीन पोरं येतात, ती तुम्हाला विचारायला लागतात आणि तुम्ही सांगायला लागता. छान वाटतं. मग एक दिवस लक्षात येतं की दोन महिन्यांत वहीचं डावं पान कोरं आहे. माझं तसं झालं. आता मी एक ठरवलंय, दर तीन महिन्यांनी एक गोष्ट अशी घ्यायची की जी शॉपमधल्या सगळ्यात लहान पोराला माझ्यापेक्षा चांगली येते आणि ती त्याच्याकडनं शिकायची. सध्या थ्रीडी प्रिंटर चाललाय. पहिली फाइल मी इंचात करून पाठवली, प्रिंटरला जाणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसतंच, नुसते आकडे जातात, प्रिंटरनं त्याला मिलीमीटर समजून हाताएवढा कोअर बॉक्स (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा पाडायचा साचा) शेंगदाण्याएवढा काढून दिला. तो टेबलावर ठेवलाय. पोरं त्याच्यात स्टेपलरच्या पिना ठेवतात.

पहिल्या दिवशी पिशवीत काय न्यायचं

वही, दोन पेनं, दोन्ही चष्मे, डबा, बीपीची गोळी असेल तर ती, आधारची झेरॉक्स, रिकामा पेन ड्राइव्ह. शिरोलीकडं जाणार असाल तर तावडे हॉटेलचा चौक सकाळी लवकर पार करा, उशिरा पोचणारा ट्रेनी कुठल्याच वयात चालत नाही.

आणि जुनं एखादं हत्यार न्यावंसं वाटलं तर न्या. माझी कॉन्ट्रॅक्शन स्केल ड्रॉवरमध्ये आहे. नवीन मॉडेल करताना मी तिला हात लावत नाही. पण महिन्यातनं एकदा कोणतरी माळ्यावरचा जुना सागवानी पॅटर्न घेऊन येतो, ड्रॉइंग हरवलेलं, फाइल कधी नव्हतीच, आणि मग शेजारचा पोरगाच म्हणतो, "काका, ती तुमची पट्टी काढा."